तसबीर खरीच होती: संशोधनाच्या विद्यार्थ्याने ‘संशयकल्लोळ’ का वाचावं

पेटची तयारी करणारी मुलं मला हमखास विचारतात, “रिसर्च मेथडॉलॉजीसाठी कुठलं पुस्तक वाचू?” पुस्तकांची नावं मी सांगतेच. पण गेल्या दोन वर्षांपासून यादीच्या शेवटी एक नाटकही सांगते: गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’. बहुतेकांना वाटतं मी चेष्टा करतेय. चेष्टा नाही. पुरावा म्हणजे काय, हे मला सहा महिन्यांच्या कोर्सवर्कमध्ये जेवढं कळलं नाही, तेवढं या नाटकाने आणि त्याच सुमारास माझ्या हातून झालेल्या एका चुकीने शिकवलं. दोन्हींबद्दल आज लिहिते.

सांगली-साताऱ्याकडच्या वाचकांना देवल परके नाहीत. सांगलीला लागून हरिपूर आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. तिथे १८५५ साली देवलांचा जन्म झाला. ‘शारदा’ त्यांचंच. ‘संशयकल्लोळ’चा गद्य अवतार आधी आला, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने, १८९३ मध्ये. पदं घालून केलेलं ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ मध्ये रंगभूमीवर आलं. देवलही त्याच वर्षी गेले. नाटकाचं मूळ मात्र पार पॅरिसमध्ये आहे. मोलिएरचं ‘स्गानारेल’ हे १६६० सालचं छोटं प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक केलं, आणि तिथून ती गोष्ट आपल्याकडे आली. गंमत अशी की देवलांनी ती इतकी आपली केली की पात्रांची नावंसुद्धा नक्षत्रं आणि महिने यांच्यावरून ठेवली: कृत्तिका, रेवती, रोहिणी, फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या.

ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी गुंता थोडक्यात सांगते. रेवती ही नायकिणीची मुलगी. तिचं अश्विनशेठवर प्रेम आहे आणि लग्न करून संसार करावा अशी तिची इच्छा आहे. अश्विनशेठची तसबीर तिच्याजवळ असते. एकदा तिला घेरी येते आणि फाल्गुनराव नावाचे एक वयस्क गृहस्थ तिला सावरतात. हे दृश्य नेमकं त्यांची बायको कृत्तिका पाहते. गडबडीत तसबीर पडते आणि कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला पाहतात. पुढे आपली तसबीर भलत्याच माणसाच्या हातात आहे हे अश्विनशेठला दिसतं.

आता वही काढा आणि दोन रकाने करा. डावीकडे ‘काय दिसलं’, उजवीकडे ‘काय ठरवलं’.

कृत्तिकेला दिसलं: नवऱ्याने एका तरुण बाईला धरलंय. तिने ठरवलं: याचं बाहेर प्रकरण आहे.

फाल्गुनरावांना दिसलं: बायको परक्या पुरुषाची तसबीर कौतुकाने बघतेय. त्यांनी ठरवलं: हिचं बाहेर प्रकरण आहे.

अश्विनशेठला दिसलं: मी रेवतीला दिलेली वस्तू दुसऱ्याकडे आहे. त्याने ठरवलं: रेवतीने मला फसवलं.

डावा रकाना पुन्हा वाचा. त्यात एकही नोंद खोटी नाही. धरलं होतं, बघत होती, वस्तू दुसऱ्याकडे होती. तिघांची निरीक्षणं शंभर टक्के बरोबर आणि तिघांचे निष्कर्ष शंभर टक्के चूक. नाटकाचा मुख्य गुंता कुणाच्या थापेतून तयार झालेला नाही. खोटं बोलणारा कोणी नसताना सगळे खोट्यावर विश्वास ठेवून बसतात. मला हे नाटक थोर वाटतं ते याच कारणासाठी. जुन्या नावात ‘तसबिरीचा घोटाळा’ म्हटलंय ते मला पटत नाही. तसबिरीने काहीच घोटाळा केला नाही. तसबीर खरीच होती. घोटाळा डाव्या रकान्यातून उजव्या रकान्यात जाताना झाला.

आता माझी गोष्ट.

माझं काम क्षारपड जमिनीवर आहे. वाळवा तालुक्यात कृष्णेच्या काठाने उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून जिथे जमिनी पांढऱ्या पडल्या, तिथली माती मी तपासते. मातीत क्षार किती हे कळायला मातीत ठरावीक प्रमाणात पाणी घालायचं, हलवायचं, आणि त्या पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजायचं. याला आम्ही ईसी म्हणतो. क्षार जास्त तर ईसी जास्त.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी चोवीस सॅम्पल आणले आणि प्रत्येकाचे दोन भाग केले. एक भाग मी मोजला, दुसरा पडताळणीसाठी एका ज्युनिअरला दिला. त्याने दुसऱ्याच दिवशी तक्ता दिला. पाहते तर त्याचे आकडे माझ्या आकड्यांच्या जवळजवळ निम्मे. माझं २.१, त्याचं १.०. माझं १.४, त्याचं ०.७. एक नाही, दोन नाही, जवळपास सगळी ओळ अशीच. त्यात चोवीस सॅम्पल त्याने एका दुपारी उरकलेले. मला तेवढ्यालाच दोन दिवस लागले होते.

माझा निष्कर्ष काय असेल, ते तुम्ही ओळखलं असेलच. मला वाटलं, याने मोजलंच नाही. माझा तक्ता आधी ग्रुपवर टाकलेला होता, तो घेऊन याने दोनने भाग दिला आणि वर थोडी फिरवाफिरव केली. मी त्याला काही विचारलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगितलं. तिने आणखी कुणाला सांगितलं. आठवड्याभरात लॅबमध्ये तो ‘भागाकारवाला’ झाला. शेवटी मीच तक्ता घेऊन सरांकडे गेले. सरांनी दोन मिनिटं तक्ता बघितला आणि एकच विचारलं, “त्याला विचारलंस का?”

त्याला बोलावलं. तो वही घेऊन आला. पानावर सगळ्यात वर, तारखेच्या खाली, त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: माती : पाणी = १ : ५. मी माझं मोजमाप १ : २.५ ने केलं होतं. पाणी दुप्पट म्हटल्यावर तेच क्षार दुप्पट पाण्यात पसरणार आणि ईसी साधारण निम्मा येणार. त्याने एका पेपरमधली पद्धत वापरली होती. कुठली वापरायची ते मी सांगितलंच नव्हतं. आणि एका दुपारी काम उरकलं, कारण शेजारच्या लॅबमधलं मोठं शेकर त्याने मागून घेतलं होतं. एका वेळी चोवीस बाटल्या त्यात बसतात.

बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, “ताई, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.”

आता तो आमच्या गटात नाही. त्याने कारण वेगळं सांगितलं. मी माफी मागितली आणि तो “ठीक आहे” म्हणाला. पण ‘भागाकारवाला’ हे नाव लॅबमध्ये त्यानंतरही बरेच दिवस चाललं. मी पसरवलं तेवढ्या वेगाने मला ते परत घेता आलं नाही.

नंतर दिवाळीच्या सुट्टीत सांगलीत एका हौशी संघाचा ‘संशयकल्लोळ’चा प्रयोग बघितला. सभागृह हसत होतं. मला मात्र फाल्गुनरावांच्या जागी एप्रन घातलेली मी दिसत होते.

इथपर्यंत गोष्ट झाली. आता त्यातलं संशोधनाच्या कामाचं काय आहे ते बघू.

पहिला मुद्दा: दिसलेली गोष्ट ‘पुरावा’ कधी होते? आपण समजतो की एखादी गोष्ट आपल्या समजुतीशी जुळली की ती पुरावा झाली. तसं नाही. समोर दोन शक्यता ठेवा. पहिली, रेवतीने फसवलं. दुसरी, रेवतीकडून तसबीर हरवली. आता विचारा: पहिली शक्यता खरी असेल तर तसबीर दुसऱ्याच्या हातात दिसेल का? दिसू शकते. दुसरी खरी असेल तर? तरीही दिसू शकते. दोन्ही बाबतीत जे तितक्याच सहज दिसलं असतं, ते पाहून दोघांतलं एक निवडता येत नाही. संख्याशास्त्रात याला ‘लाइकलीहूड रेशो’ म्हणतात. तो एकच्या आसपास असेल, तर पुरावा पाहण्याआधी तुमचा जो विश्वास होता तोच नंतरही राहायला हवा. अश्विनशेठचा विश्वास बदलला. म्हणजे तो तसबिरीमुळे बदलला नाही, आधीपासून मनात काहीतरी होतं.

माझ्या तक्त्याला हेच लावून बघा. त्याने भागाकार केला असता तर आकडे निम्मे आलेच असते. त्याने पाणी दुप्पट घातलं असतं तरीही निम्मे आले असते. ‘निम्मे आहेत’ या निरीक्षणाने मला काहीच सांगितलं नव्हतं. पण दोन शक्यतांमध्ये फरक करणारी गोष्ट त्याच तक्त्यात पडून होती. तीन सॅम्पलचे आकडे निम्म्याहून बरेच जास्त होते. एका ठिकाणी माझं ३.४ आणि त्याचं १.९. निव्वळ भागाकार असता तर हे आलं नसतं. पाणी वाढवल्यावर मात्र असं होऊ शकतं, कारण मातीत जिप्सम असेल तर जास्त पाण्यात ते आणखी विरघळतं आणि ईसी हिशेबाएवढा खाली येत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या सिनॉप्सिसमध्ये जिप्समवर अख्खा परिच्छेद आहे! पण त्या तीन आकड्यांबद्दल मी मनाशी म्हणाले, “पकडलं जाऊ नये म्हणून मुद्दाम बदललेत.”

हे वाक्य नीट बघा. जुळलेले आकडे म्हणजे लबाडीचा पुरावा आणि न जुळलेले आकडे म्हणजे लबाडी लपवल्याचा पुरावा. मग निर्दोष माणसाने कुठले आकडे आणायचे? फाल्गुनरावांचं डोकं अगदी असंच चालतं. कृत्तिका चिडली तर चोर सापडला म्हणून चिडली. शांत राहिली तर पक्की बनेल आहे. ज्या समजुतीला कुठलंच निरीक्षण खोटं पाडू शकत नाही, तिला पोथीत ‘अनफॉल्सिफाएबल’ म्हणतात आणि पेटला त्यावर दोन मार्कांचा प्रश्न येतो. पण ती आपल्या स्वतःच्या डोक्यात कशी दिसते हे त्या दोन मार्कांत कळत नाही. आतून ती हुशारीसारखी वाटते. मला त्या आठवड्यात आपण फार हुशार आहोत असंच वाटत होतं.

दुसरा मुद्दा. या नाटकाचं तात्पर्य सांगताना लोक सहसा म्हणतात, “संशय वाईट. संशयाने संसार मोडतो.” घरासाठी ते बरोबर असेल. संशोधकासाठी हे तात्पर्य चुकीचं आहे आणि मला वाटतं नाटकावरही अन्याय करणारं आहे. फाल्गुनरावांना संशय जास्त आला, ही त्यांची चूक नव्हे. त्यांना तो पुरेसा आला नाही. बायकोवर संशय, तसबिरीतल्या माणसावर संशय, घरातल्या माणसांवर संशय. फक्त एका गोष्टीवर संशय नाही, ती म्हणजे स्वतः काढलेला निष्कर्ष. सगळ्या जगाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा हा माणूस स्वतःच्या अंदाजाला मात्र जावयासारखा मान देतो. संशयी माणूस मुळात भाबडा असतो, हे देवलांनी दाखवलंय. तो विश्वास ठेवतोच, आणि डोळे मिटून ठेवतो, फक्त स्वतःवर.

२१ सप्टेंबर १९९५ चा दिवस आठवणारे लोक तुमच्या घरात असतील. गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. त्या रांगेतली सगळी माणसं खोटं बोलत होती का? नाही. चमच्यातलं दूध खरंच कमी होत होतं. मूर्तीला चमचा टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळतं. डावा रकाना बरोबर, उजवा चूक. त्या लोकांना ‘खोटारडे’ म्हणणारा वैज्ञानिक मनोवृत्तीचा ठरत नाही. तोही न विचारता निष्कर्ष काढणारा फाल्गुनरावच.

मग खरोखर खोटं बोलणारी माणसं नसतात का? असतात की. आणि देवलांना ते चांगलं माहीत होतं. ‘संशयकल्लोळ’ लिहिणाऱ्या याच माणसाने त्याआधी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ केलं होतं. ‘ऑथेल्लो’तही एक वस्तू भलत्याच्या हाती सापडते. तिथे तसबिरीच्या जागी रुमाल आहे. पण तिथे तो रुमाल इयागोने मुद्दाम तिथे पोचवलेला आहे. एका नाटकात पुरावा पेरलेला, दुसऱ्यात आपोआप पडलेला. आता प्रेक्षक म्हणून नव्हे, पात्र म्हणून विचार करा. रुमाल पाहणाऱ्या नवऱ्याला आणि तसबीर पाहणाऱ्या नवऱ्याला आतून काही फरक जाणवतो का? शून्य. आपण इयागोच्या नाटकात आहोत की फाल्गुनरावांच्या, हे वस्तूकडे टक लावून बघत बसल्याने कळत नाही. वस्तू तिथवर आली कशी, हे मागे मागे जाऊन शोधावं लागतं.

विज्ञानात इयागो कसा पकडला गेला त्याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतल्या बेल लॅब्सचं आहे. यान हेंड्रिक श्योन हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ भराभर पेपर छापत होता. इतर शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत ‘नॉइज’ तंतोतंत सारखाच आहे. नॉइज म्हणजे मोजताना येणारी यादृच्छिक थरथर. प्रयोग वेगळा तर ती थरथर तशीच्या तशी पुन्हा येणं जवळपास अशक्य. म्हणजे हे निरीक्षण दोन शक्यतांमध्ये खरोखर फरक करणारं होतं. तरीही कुणी लगेच ‘भागाकारवाला’ म्हणून मोकळं झालं नाही. चौकशी समिती नेमली, मूळ डेटा मागितला, त्याचं म्हणणं ऐकलं. २००२ मध्ये अहवाल आला: तपासलेल्या २४ आरोपांपैकी १६ मध्ये गैरवर्तन सिद्ध झालं, बाकीच्यांत झालं नाही. एवढ्या उघड प्रकरणातही समितीने सगळे आरोप एका झटक्यात मान्य केले नाहीत, हे लक्षात घ्या. मूळ डेटा आणि नीट ठेवलेली लॅबची वही मात्र श्योनकडे नव्हती. माझ्या ज्युनिअरकडे वही होती. एका ओळीने तो सुटला.

तिसरा मुद्दा संशय घ्यायचा कसा, याचा. त्यासाठी सांगलीहून साताऱ्याला जाऊ. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. वैद्यकीय शिक्षण मिरजेत झालं आणि काम उभं राहिलं ते साताऱ्यातून. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांच्याबद्दल बोलताना आपण बहुधा चळवळीबद्दल बोलतो. मी संशोधनाच्या विद्यार्थ्यांना त्यांचं एक वेगळं काम वाचायला सांगते. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे या चौघांनी मिळून फलज्योतिषाची एक संख्याशास्त्रीय चाचणी घेतली आणि २००९ मध्ये ती ‘करंट सायन्स’मध्ये छापली.

चाचणीची रचना बघा. शंभर हुशार मुलं आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, अशा दोनशे पत्रिका जमवल्या. त्यांना सांकेतिक क्रमांक दिले. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या आणि विचारलं, यातली कुठली पत्रिका कुठल्या गटातली ते सांगा. नुसतं नाणं उडवलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतील. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका घेतल्या होत्या. त्यातल्या १०२ बरोबर आल्या.

इथे शिकण्यासारखं काय? आपण किती बरोबर आलो तर जिंकलो आणि किती आलो तर हरलो, हे उत्तरं येण्याआधी ठरलेलं होतं. फाल्गुनराव हे कधीच ठरवत नाहीत. दुसरं म्हणजे, ज्योतिषी खोटं बोलतात का, हा प्रश्न चाचणीत नव्हताच. एखादा ज्योतिषी अत्यंत प्रामाणिक असेल आणि तरीही त्याचा आडाखा चुकीचा असेल. चाचणी दाव्याची होती, माणसाच्या चारित्र्याची नव्हती. मी माझ्या ज्युनिअरच्या चारित्र्याचा निकाल लावला आणि दावा तपासायचा राहूनच गेला. दावा तपासायला किती वेळ लागला असता? एक सॅम्पल त्याच्यासमोर पुन्हा मोजायचं, बस. अर्धा तास.

आता नाटकाबद्दलची माझी तक्रार, कारण नुसतं कौतुक म्हणजे समीक्षा नव्हे. ‘संशयकल्लोळ’मध्ये सगळ्यांचे संशय सारख्याच मापाने हसण्यावारी जातात. पण संशयाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. फाल्गुनरावांवर संशय आला तर घरात भांडण होईल. रेवतीवर संशय आला तर तिचं सगळं आयुष्यच पणाला लागतं. ती नायकिणीची मुलगी आहे. ‘असल्या बायका अशाच’ हे वाक्य समाजाच्या तोंडात तयारच आहे, आणि अश्विनशेठ इतक्या पटकन का घसरतो याचं उत्तर तिथे आहे. मघाशी म्हटलं ना, आधीपासून मनात काहीतरी होतं? ते हेच. संख्याशास्त्रात याला ‘प्रायर’ म्हणतात. रेवती कुलीन घरातली असती तर तीच तसबीर पाहून अश्विनशेठ बहुधा म्हणाला असता, “हरवली वाटतं.” देवलांना हे दिसत होतं, नाहीतर रेवती इतकी मानी रंगवली नसती. पण नाटकाला आनंदी शेवटाची घाई आहे. गैरसमज मिटतो, सगळे हसतात, आणि अश्विनशेठच्या मनातल्या त्या आधीच्या गृहीताचा हिशेब कोणी मागत नाही. उद्या दुसरी तसबीर पडली तर काय, हा प्रश्न पडदा पडल्यावर तसाच राहतो.

माझं गृहीत काय होतं ते मी स्वतःला बरेच दिवस विचारलं. तो पोरगा दुष्काळी भागातल्या एका छोट्या कॉलेजातून आलेला. त्याचं इंग्रजी अडखळतं. “असल्या कॉलेजात प्रॅक्टिकल कागदावरच होतात,” असं आम्ही चहाला बसलो की म्हणायचो. हेच आकडे एखाद्या नावाजलेल्या संस्थेतून आलेल्या मुलीने दिले असते तर मी पहिल्यांदा काय विचारलं असतं? “कुठलं प्रमाण वापरलंस गं?” याचं उत्तर लिहायला मला आवडत नाही, पण ते खरं आहे.

शेवटी मोलिएरकडचं एक सांगायचं राहिलं. त्याच्या मूळ प्रहसनात सगळे एकमेकांवर तुटून पडलेले असताना गुंता सोडवते ती नायिकेची दासी. ती काही विद्वान नाही. ती एवढंच करते: एकेकाला पुढे बोलावते आणि सरळ प्रश्न विचारते. तुला काय दिसलं? ही वस्तू तुझ्याकडे कुठून आली? कुणी दिली? चार प्रश्नांत नाटक संपतं. सरांनी मला विचारलेला प्रश्न त्याच जातीचा होता.

म्हणून संशोधनाला लागणाऱ्या तुम्हा सगळ्यांना तीन सवयी सांगते. नवीन काही नाही, पण मला त्या महागात पडून कळल्या. वहीत दिसलेलं आणि ठरवलेलं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, आणि पानाच्या वर पद्धत लिहायला विसरू नका. कोण जाणे, कधी तीच ओळ तुम्हाला वाचवेल. कुठलाही संशय आला की आधी लिहून ठेवा की काय दिसलं तर मी हा संशय सोडून देईन; असं काहीच सुचत नसेल तर समजा तुमच्यात फाल्गुनराव शिरलेत. आणि तिसऱ्याला सांगण्याआधी ज्याच्यावर संशय आहे त्याला विचारा; आरोप म्हणून नाही, माहिती म्हणून.

माझ्या थिसिसच्या पद्धती-प्रकरणात आता १ : २.५ आणि १ : ५ या दोन्ही प्रमाणांची तुलना आहे, जिप्समच्या स्पष्टीकरणासकट. ते त्याच चोवीस सॅम्पलवर उभं आहे, निम्मे आकडे त्याचे आहेत. ऋणनिर्देशात त्याचं नाव घातलंय. छापण्याआधी त्याला विचारलं.